चहापाणी, बक्षीस आणि श्रीलंकेचे बंदर

गाइडला किती द्यायचे, या एका प्रश्नावरून आमच्यात जहाजावर दोन तास वाद झाला. मुले ऐकता ऐकता झोपून गेली. बाहेर ऑगस्टचा समुद्र खवळलेला, आत आम्ही खवळलेले. शेवटी "ज्याला जे वाटेल ते त्याने द्यावे" असे ठरवून आम्ही उठलो, आणि तेच आमचे चुकले. ते कसे, हे सांगण्यासाठीच हे चार शब्द.

आम्ही म्हणजे एकाच वसाहतीतील पाच घरे, लहानमोठी मिळून चौदा माणसे. महिला मंडळाची तीन वर्षांची भिशी फुटली, तेव्हा सर्वांनी मिळून श्रीलंका पाहायचे ठरवले. जून २०२३ पासून चेन्नईहून श्रीलंकेला प्रवासी जहाज सुरू झाले होते. मुंबईहून रेल्वेने चेन्नई, तिथून पाच रात्रींचे जहाज, आणि पुन्हा रेल्वे. विमान आणि हॉटेलपेक्षा हे परवडेल असा हिशेब एका सुनेने कागदावर मांडून दाखवला. आणखी एक कारण होते. १९५० च्या मे महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते. ज्या भूमीवर त्यांनी बौद्ध समाज डोळ्यांनी पाहिला, ती आपणही एकदा पाहावी ही इच्छा आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात होती. जहाज कोलंबो-कँडीकडे जात नाही, हंबनटोटा, त्रिंकोमाली आणि जाफनाजवळचे कांकेसंतुरई या बंदरांना लागते, हे तिकिटे काढल्यावर नीट कळले. असो.

जहाजाची रीत अशी. जहाज बंदराला लागले की दिवसभरासाठी उतरून सहल करता येते. ही सहल जहाजाच्याच टेबलावर पैसे भरून ठरवावी लागते, किंवा बंदराबाहेर येऊन स्वतः गाडी करावी लागते. जहाजाची सहल महाग, पण बस उशिरा आली तरी जहाज थांबते. स्वतःच्या गाडीने गेलात आणि रस्त्यात टायर फुटला, तर जहाज थांबत नाही. जहाजवाले ही सहल स्वतः चालवत नाहीत. तिथल्या एखाद्या प्रवासी कंपनीला काम देतात, ती कंपनी बस आणि गाइड लावते. म्हणजे आपण भरलेल्या पैशांतला मोठा वाटा वाटेतच दोन ठिकाणी थांबतो. गाइडला मिळते ती दिवसाची मजुरी. जहाज आले तर मजुरी, नाही आले तर नाही.

सहलीच्या पावतीखाली बारीक अक्षरात लिहिले होते की गाइड आणि ड्रायव्हर यांची टिप दरात धरलेली नाही. तात्यांनी चष्मा लावून ते वाचले आणि वादाला तोंड फुटले.

"जहाजावरच्या नोकरांचं बक्षीस तिकिटाबरोबर कापून घेतलंय ना? मग हे दुसरं कशाला?"

यावर आमच्यातल्या एका आईने उत्तर दिले. तिचा मुलगा परदेशी जहाजावर खोल्या झाडतो, चादरी बदलतो. आठ-नऊ महिने घर नाही, रविवार नाही. तिने सांगितले की मूळ पगार थोडा असतो, प्रवाशांकडून रोजच्या हिशेबाने जे बक्षीस कापले जाते त्याच्या वाटणीवरच मुलाचे घर चालते. काही प्रवासी शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ते पैसे परत मागून घेतात. "त्या दिवशी तो फोनवर नीट बोलत नाही," ती म्हणाली. "पण ते जहाजावरच्यांचं झालं. बंदरावरच्या गाइडला त्यातलं काहीच जात नाही. तो वेगळा."

तात्यांना हे पटले, पण त्यांचा मुद्दा वेगळाच होता. तात्या पंचाहत्तरी ओलांडलेले, महापालिकेतून निवृत्त. त्यांचे वडील गावचे येसकर होते. सात वर्षांचे असताना तात्या वडिलांबरोबर घरोघर भाकरी मागायला गेलेले आहेत. गावाची रात्रंदिवस कामे करायची आणि संध्याकाळी दारात उभे राहायचे, कोण काय वाढेल ते घोंगड्यात घ्यायचे. कामाचा दर नाही, मोजमाप नाही, वाढणाऱ्याची मर्जी.

"बाबासाहेबांनी १९२८ साली वतनाविरुद्ध कौन्सिलात बिल आणलं ते कशासाठी? कामाची मजुरी रोख मिळावी, कुणाच्या मर्जीवर जगू नये म्हणून. आणि आता आपण चार पैसे बाळगून दुसऱ्याला आपल्या मर्जीवर उभं करायचं? मी नाही बक्षीस देणार. घेतलं तेव्हा लाज वाटली, देताना पण वाटंल."

खोलीत कोणी बोलेना. मग मावशी बोलल्या. मावशींनी सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षे आयाचे काम केले. बाळंतिणीच्या नातेवाइकांकडून चहापाण्याचे पैसे त्यांनी घेतलेले आहेत आणि त्या ते लपवत नाहीत. "पगारात तीन पोरं शिकत नव्हती तात्या. कुणी दहा दिले, कुणी पेढा दिला. मागितलं कधी नाही. पण एक सांगते. एका बाईच्या सासूनं मला नोट दिली ती वरून टाकली. हाताला हात लागू नये म्हणून. तिचं नातवंड मी तासाभरापूर्वी धुऊन पुसून तिच्या मांडीवर दिलं होतं. मी ती नोट उचलली नाही. दुसऱ्या एका माणसानं पाच रुपये दोन्ही हातांनी दिले, ते मी घेतले, आणि अजून तो माणूस माझ्या ध्यानात आहे. देणं वाईट नाही. कसं देतोय ते बघावं."

दोघांचेही खरे होते. म्हणूनच निर्णय झाला नाही.

दुसऱ्या दिवशी हंबनटोटाला उतरलो. हे ते बंदर, जे श्रीलंकेने २०१७ साली ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीच्या हाती दिले. मोठमोठे धक्के, मोटारींनी भरलेली मैदाने, माणसे मात्र थोडी. छातीवर ७ नंबरचा गोल कागद चिकटवून आम्ही ७ नंबरच्या बसमध्ये बसलो. गाइड पन्नाशी उलटलेला, सिंहली, गळ्यात सरकारी परवान्याचा बिल्ला. श्रीलंकेत गाइड होण्यासाठी शिक्षण आणि परीक्षा असते. राष्ट्रीय गाइड, विभागाचा गाइड, एकाच स्थळाचा गाइड, आणि स्वतःच गाडी चालवून माहिती देणारा, असे त्यांचे प्रकार आहेत.

तीसएक किलोमीटरवर तिस्समहाराम. भाताच्या हिरव्या शेतांपलीकडे पांढराशुभ्र स्तूप दिसू लागला आणि बसमधल्या आमच्या बायका आपोआप पदर सावरून बसल्या. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात राजा कावन्तिस्स याने बांधलेला हा स्तूप. आम्ही मुद्दाम पांढरी पातळे नेसलो होतो, १४ ऑक्टोबरला नेसतो तीच. गाइडने विचारले, "इंडियन बुद्धिस्ट?" त्याचा विश्वास बसेना. त्याला भारतातले बौद्ध म्हणजे लडाखचे तेवढे माहीत. अनागारिक धर्मपाल १८९१ साली बुद्धगयेला गेले, महाबोधी सोसायटी काढली, हे त्याला पाठ होते. बाबासाहेबांचे नाव त्याने ऐकले होते, पण संविधान लिहिणारे म्हणून. १९५६ ला नागपुरात काय घडले ते आमच्या दहावीतल्या मुलीने त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले. तो चालता चालता थांबला. मग आम्ही सर्वांनी मिळून स्तूपासमोर त्रिसरण-पंचशील घेतले. तेच पाली शब्द, उच्चार जरासे वेगळे. शेवटी "साधु, साधु, साधु" एकदमच निघाले. त्या क्षणी तो गाइड राहिला नाही आणि आम्ही प्रवासी राहिलो नाही.

एक गोष्ट मात्र इथेच सांगितली पाहिजे, कारण नुसते गोड लिहिणे बरे नव्हे. ज्या देशात बुद्ध घराघरात आहे, तिथेही जात पुरती गेलेली नाही. सियाम निकाय या मोठ्या भिक्षुसंघात आजही गोविगम या वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीलाच उपसंपदा मिळते. याच कारणावरून १८०० च्या सुमारास अमरपुर निकाय वेगळा निघाला. हे गाइडने सांगितले नाही. आम्ही विचारले तेव्हा त्याने एकवार इकडेतिकडे पाहिले आणि मान हलवली. जात सोडायची म्हणून ज्यांनी धम्म घेतला, त्या आपल्याला हे ध्यानात ठेवावे लागते.

विहारातल्या दोन रीती आमच्या वाचकांना उपयोगी पडतील. भन्तेंच्या हातावर नोट ठेवू नये. विनयाप्रमाणे ते पैशाला हात लावत नाहीत, म्हणून दान पेटीत टाकावे. बाहेर चपला सांभाळणाऱ्याला मात्र हातात द्यावे, ती त्याची मजुरी आहे. आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये, तिथे ते फार वाईट समजतात.

परतताना रस्त्याच्या कडेला दह्याची दुकाने लागली. मातीच्या पसरट भांड्यात म्हशीचे दही, कवडी पाडावी असे घट्ट, आणि वर कितुल माडाचा पाक, आपल्या काकवीसारखा पण जरा धुरकट चवीचा. मावशींनी दोन वाट्या खाल्ल्या. तिथे बसून गाइड थोडा मोकळा झाला. २०१९ च्या एप्रिलमध्ये ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले आणि प्रवासी आटले. सावरतात तोच कोरोना आला. दोन वर्षे काम नाही. मग २०२२ साली देशाचा खजिनाच आटला, पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा, मोबाइलवरचा कोड दाखवल्यावर आठवड्याचे मोजके लिटर. त्याने बायकोचे दागिने मोडले, रिक्षा चालवली. आता पुन्हा जहाजे येऊ लागली म्हणून त्याने बिल्ला परत गळ्यात घातला होता. वाटेत त्याने एका रत्नांच्या दुकानापुढे बस थांबवली तेव्हा आमच्यातले काही कुरकुरले होते. दुकानदार कमिशन देतो हे उघड होते. पण ज्याला मजुरी पुरत नाही आणि टिपेची खात्री नाही, तो दुकानापुढे बस थांबवणारच. गिऱ्हाइकाने ते समजून घ्यावे आणि खुशाल हात हलवत बाहेर यावे.

धक्क्यावर पोहोचलो. गाइड बसच्या दाराशी उभा राहिला. पुढच्या बाकांवरचे प्रवासी मोबाइलमध्ये डोके घालून उतरून गेले. "ज्याला जे वाटेल ते" असे आम्ही ठरवले होते, पण कोणालाच काही वाटेना, किंवा किती वाटावे ते कळेना. ऐनवेळी एकाने मुलाची टोपी फिरवली. दहाच्या, वीसच्या नोटा पडल्या, कोणी पर्स झटकून नाणी टाकली. तशीच ती टोपी मुलाने गाइडपुढे धरली. त्याने दोन्ही हातांनी नोटा घेतल्या. मग नाणी बोटाने बाजूला केली आणि अगदी हळू म्हणाला, "मॅडम, ही बँक बदलून देत नाही." त्यातले दहाचे एक नाणे आपल्या मुलीला दाखवायला म्हणून ठेवले, बाकीची परत दिली. नोटा भरल्या तीनशे साठ. चौदा माणसांचे, भारतीय रुपये तीनशे साठ. ज्या माणसाबरोबर तासाभरापूर्वी त्रिसरण घेतले, त्याच्यापुढे आम्ही टोपी धरली होती. आणि ड्रायव्हर? तो स्टिअरिंगमागे बसून आरशात पाहत होता. त्याला काहीच गेले नाही.

जहाजाची शिडी चढताना तात्या एवढेच म्हणाले, "घोंगडं आठवलं."

त्या रात्री वाद दहा मिनिटांत संपला. रक्कम आधी ठरवायची, डोईमागे सारखी काढायची, तिथल्याच चलनात, नोटाच, पाकिटात घालून. ड्रायव्हर वेगळा असेल तर त्याचे पाकीट वेगळे, गाइडच्या निम्मे तरी. देताना नाव घेऊन, दोन्ही हातांनी, सर्वांसमोर पण गाजावाजा न करता. एका भारतीय रुपयाला तेव्हा पावणेचारच्या आसपास श्रीलंकन रुपये मिळत होते. तात्यांनी या ठरावाला विरोध केला नाही आणि पाठिंबाही दिला नाही.

त्रिंकोमालीला आम्ही जहाजाची सहल घेतली नाही. चौदा माणसांना एक व्हॅन पुरते, आणि अंतरे जवळची. बंदराबाहेर एक तमिळ माणूस स्वतःची व्हॅन घेऊन उभा होता. अर्ध्या दिवसाचे त्याने चोवीस हजार श्रीलंकन रुपये सांगितले. आमच्यातल्या दोन हुशार जावयांनी अर्धा तास घासाघीस करून त्याला अठरा हजारांवर आणले. आम्हाला वाटले, जिंकलो.

त्रिंकोमाली हे मोठे नैसर्गिक बंदर. इंग्रजांचे आरमार इथे असे, आणि ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले होते. पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या किल्ल्यात आता हरणे मोकळी फिरतात आणि मुलांच्या हातातली बिस्किटे खातात. कड्यावर कोनेश्वराचे देऊळ आहे, तिथे आम्ही बाहेरूनच समुद्र पाहिला. कन्नियाची सात गरम पाण्याची कुंडे पाहिली. पण ज्यासाठी खरे आलो होतो ते स्थळ त्याच रस्त्यावर पुढे जंगलात होते, वेल्गम विहार.

पडक्या विटांचा स्तूप, दगडी पायऱ्या, उभी बुद्धमूर्ती, आणि तमिळ शिलालेख. चोळ राजांच्या काळात, हजार वर्षांपूर्वी, तमिळ बौद्धांनी या विहाराला दाने दिली, दिवे लावले, आणि याला राजराजपेरुंपल्ली असे नाव होते. ज्या बेटावर सिंहली आणि तमिळ यांच्यात २००९ पर्यंत इतके रक्त सांडले, तिथेच हा विहार उभा आहे. आमच्या व्हॅनवाल्याने शिलालेखातली अक्षरे बोट ठेवून लावून पाहिली. जुनी अक्षरे त्याला लागेनात. तो हिंदू, कपाळाला भस्म. पण चप्पल काढून तो आमच्याबरोबर आत आला आणि आमचे पंचशील होईपर्यंत हात जोडून उभा राहिला.

परतीच्या वाटेवर मावशींनी विषय काढला. "हे पाकीट मला बरं वाटत नाही. सकाळी त्याच्या मजुरीतनं सहा हजार कापले, आता त्यातलेच दोन हजार बक्षीस म्हणून देऊन मोठेपणा करायचा?"

जावई गप्प. एकाने मोबाइलवर हिशेब केला. सहा हजार म्हणजे आपले सोळाशे, डोईमागे सव्वाशेच्या आत. अर्धा तास घासाघीस त्यासाठी.

तेव्हा तात्या, जे दिवसभर खिडकीबाहेर पाहत होते, वळून बसले. "बक्षीस देऊच नका. त्यानं सांगितलेला दर द्या. चोवीस. बाबासाहेब मजूरमंत्री होते तेव्हा १९४६ ला किमान वेतनाचं बिल मांडलं. किमान बक्षिसाचं नाही मांडलं."

यावर कोणाला हसू आवरेना, पण पटले सर्वांना. पाकीट फोडून, आणखी पैसे काढून चोवीस हजार मोजले. धक्क्याच्या फाटकापाशी तात्यांनी स्वतः ते व्हॅनवाल्याच्या हातात दिले. दोन्ही हातांनी. त्याने मोजले. पुन्हा मोजले. मग वरचे सहा हजार परत पुढे केले आणि हिंदी-इंग्रजी मिसळून म्हणाला, "अंकल, ज्यादा आलंय, चुकलात."

दहावीतल्या मुलीने समजावले की चूक नाही, तू सकाळी हेच सांगितले होतेस. तो आधी बुचकळ्यात पडला, मग मोठ्याने हसला. म्हणाला, "चोवीस मी सगळ्यांनाच सांगतो. वीस मिळावेत म्हणून."

आता तात्यांची पंचाईत झाली. त्यांनी थोडा विचार केला. "मग वीस घे. तो तुझा दर."

त्याने वीस ठेवले, चार हजार तात्यांना परत दिले. दोघांनी हात मिळवले. व्यवहार पुरा झाला, तात्यांच्या मनासारखा. आम्ही जहाजाकडे निघालो. मागे वळून पाहिले तर मावशी व्हॅनच्या खिडकीशी उभ्या होत्या. तात्यांच्या हातातून त्यांनी कधी दोन हजार काढून घेतले होते कोण जाणे. ते त्या माणसाच्या तळहातावर ठेवून, वरून आपला हात दाबून, त्या त्याला मराठीतच सांगत होत्या, "पोरांना खाऊ ने."

तात्यांनी ते पाहिले. त्यांनी तोंड समुद्राकडे फिरवले आणि शिडी चढू लागले.